पीएमआर डॉक्टर म्हणजे कोण? वारं गेल्यावर फिजिओ चालू असताना त्यांना दाखवावं का?

केजकर (ता. केज, जि. बीड)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या तोंडावर आमच्या आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. वय ५८. बीपीच्या गोळ्या होत्या, पण सोयाबीन काढणीच्या धांदलीत त्या बंद पडल्या हे आम्हाला नंतर कळलं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. लातूरच्या एका दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून जीव वाचला. सुट्टी देताना कागदावर गोळ्या लिहिल्या आणि खाली ‘फिजिओथेरपी’ एवढंच.

आता घरी अशी परिस्थिती आहे. धरलं तर उभे राहतात, चार पावलं टाकतात, पण पाय ओढतो आणि पंजा खाली लोंबतो. बोटं आवळत चाललीत. मूठ उघडायला गेलं की जास्तच घट्ट होते. उजवा खांदा एवढा दुखतो की रात्र रात्र झोप नाही. चहा पिताना ठसका लागतो. ज्या माणसाला आम्ही कधी रडताना बघितलं नाही तो आता पाव्हणा दारात दिसला की रडतो.

केजहून एक फिजिओथेरपिस्ट दिवसाआड येतात, मनापासून करतात. शेजारगावचा एक मालिशवाला पण येतो, तो तेल लावून हात वर ओढतो. पाव्हण्यांपैकी कुणी कबुतराचं रक्त चोळा म्हणतंय, कुणी कुठल्या गावचं औषध सांगतंय. आप्पांना उचलून उचलून आईची कंबर गेलीय.

परवा ओळखीच्या एका नर्सबाईंनी सांगितलं, पीएमआरच्या डॉक्टरला दाखवा. हे नाव आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. न्यूरोचे डॉक्टर झाले, फिजिओ चालू आहे, मग हे डॉक्टर वेगळं काय करतात? गाडी करून लांब न्यायचं म्हणजे खर्च. कापसाचं काय चाललंय तुम्हाला माहीतच आहे, त्यात दवाखान्याचं देणं अंगावर. जावं का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा.

बर्दापूरवाला (ता. अंबाजोगाई)

दादा, उगं खर्चात पडू नका. माझ्या सासऱ्यांना असंच झालं होतं, फिजिओनेच चालते केले. पीएमआर म्हणजे फिजिओथेरपीचंच मोठं नाव असणार. लकव्यात तीन-चार महिन्यांत जे यायचं ते येतं, पुढं काही होत नसतं. बीपीची गोळी चुकू देऊ नका, एवढं बघा.

औशाची बाई (ता. औसा, जि. लातूर)

केजकर दादा, जा. पैशाचं काय ते पुढं बघू, पण जा. वरच्या दादांचे सासरे चालायला लागले, चांगलंच झालं. पण फिजिओथेरपिस्ट आणि पीएमआर डॉक्टर ही दोन वेगळी माणसं आहेत आणि तुमच्या आप्पांना दोघंही लागणार आहेत. मी लांबलचक लिहिणार आहे, कारण आम्हाला हे वेळेवर सांगणारं कुणी भेटलं नव्हतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझा धाकटा भाऊ शेळ्यांना पाला तोडायला लिंबावर चढला होता, फांदी मोडली. पाठीचा कणा दहाव्या मणक्याजवळ मोडला आणि कमरेखाली सगळं गेलं. ऑपरेशन झालं, सळया-स्क्रू बसवले, फोटो बघून सगळे डॉक्टर समाधानी होते. ऑपरेशन खरंच चांगलं झालं होतं. मग लघवीची नळी आणि पिशवी लावून त्याला घरी पाठवलं. कधी वळवायचं, किती वेळाने वळवायचं, पिशवीचं काय करायचं, हगवायचं कसं, कुणी काही बोललं नाही. पेरणी करून रान सोडून द्यावं, तसं झालं. घरी आल्यावर बघता बघता माकडहाडावर जखम झाली. आधी लाल डाग होता, मग हाड दिसायला लागलं. लघवीत घाण, थंडी वाजून ताप. पाय आपोआप असे झटके मारायचे की माय म्हणायची, बघ जीव येतोय पायात.

आम्ही सगळीकडे गेलो. जखमेसाठी सर्जन, तापासाठी एमडी, लघवीसाठी युरॉलॉजिस्ट, झटक्यांसाठी परत मणक्याचे डॉक्टर. प्रत्येकाने आपापलं बघितलं, आपापली गोळी दिली आणि पुढच्याकडे धाडलं. कुणी वाईट वागलं नाही. पण हा अख्खा माणूस, याची कातडी, याची लघवी, याचे झटके, याचं घर, याचं पोट भरायचं साधन, हे एकत्र बघणं कुणाच्याच ओपीडीत बसत नव्हतं. शेवटी लातूरच्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीने सांगितलं की याला पीएमआरच्या डॉक्टरची गरज आहे, मी एकटी काही करू शकत नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही.

मुंबईला हाजी अलीला केंद्र सरकारची याच शाखेची संस्था आहे, १९५५ सालापासूनची. लातूरहून मुंबईला रात्रीची रेल्वे आहे, त्या गाडीने आम्ही त्याला आडवा घालून नेला. तिथल्या डॉक्टर मॅडमनी आम्ही पुढं केलेला एमआरआय बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, आधी याला कुशीवर वळवा. जखम बघितली. मग टाचणी आणि कापूस घेऊन छातीपासून पायापर्यंत प्रत्येक पट्टा तपासला. शेवटी गुदद्वाराजवळ काही कळतं का ते बघितलं. आम्हाला संकोच वाटला, पण इजा अर्धवट आहे की पूर्ण, हे त्यावरूनच ठरतं, असं त्यांनी नीट समजावलं. त्याला तिथं काहीच कळत नव्हतं. मग त्या स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या आणि सांगितलं, तुझे पाय परत येण्याची शक्यता फार कमी आहे, आणि आपण त्याशिवाय काय काय करू शकतो ते मी तुला सांगणार आहे. एवढे महिने सगळे ‘बघू, बघू’ म्हणत होते. भाऊ दोन दिवस भिंतीकडं तोंड करून पडला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः विचारलं, मॅडम, मला संडासला एकट्याला जाता येईल का?

पुढचं सगळं तिथून सुरू झालं. कायमची नळी काढली. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हात धुऊन स्वतः नळी घालायची, लघवी काढायची, नळी परत काढायची. किती पाणी प्यालो आणि किती लघवी निघाली हे वहीत लिहायचं, एका वेळी ४००-५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही. जास्त साठली की दाब उलटा मूत्रपिंडाकडं जातो. कमरेखालचं गेलेल्या माणसाचा जीव पायामुळे जात नसतो, तो मूत्रपिंड आणि पाठीच्या जखमेमुळे जातो, हे मला तिथं कळलं. सोनोग्राफी आणि मूत्राशयाच्या दाबाची तपासणी ठरल्या वेळी करायची. शौचाची वेळ बांधून दिली, जेवणानंतर अर्ध्या तासाने, कारण पोटात अन्न गेलं की आतडं आपणहून हालतं. झटक्यांसाठी मॅडमनी आधी कारण शोधलं. लघवीतला जंतू, मूतखडा, पायाच्या नखात रुतलेलं काही, जे शरीराला टोचतंय पण माणसाला कळत नाही, त्यानेही झटके वाढतात. ते बरं केलं आणि मग उरलेल्या झटक्यांसाठी बॅक्लोफेनची गोळी. व्हीलचेअर दुकानातून आणू दिली नाही. कुल्ल्याची रुंदी, मांडीची लांबी मोजून घेतली आणि चांगली गादी दिली, वर दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायला शिकवलं. हे शिकवणारे फिजिओथेरपिस्ट होते, हाताची कामं बसवून देणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या, मापं घेणारा वेगळा, समाजसेविका वेगळ्या. त्या सगळ्यांना एकत्र बसवून आज याचं काय, पुढच्या आठवड्यात काय, हे ठरवणाऱ्या मॅडम. हे पीएमआर डॉक्टरचं काम, दादा.

आणि त्यांचे प्रश्न! घराला पायऱ्या किती? उंबरा केवढा? संडास घरात की परसात, दार आत उघडतं की बाहेर? दिवसा घरात कोण असतं? पाणी रोज येतं की टँकरने? इतक्या दवाखान्यांत हे आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं. आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याची काय अवस्था असते ते तुम्हाला सांगायला नको. पाणी कमी पिऊन भागवायचं नाही, आणि हात-नळी धुवायचं पाणी वेगळं भरून ठेवायचं, हे त्यांनी मायला बसवून सांगितलं.

भाऊ चालत नाही. चालणारही नाही. उंबरा फोडून उतार केला, गव्हाण उंच करून घेतली, तो खुर्चीवरून शेळ्यांना चारा टाकतो, आणि दुपारी गावातल्यांचे पीक विम्याचे अर्ज ऑनलाइन भरून देतो. जखम भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती जखम व्हायलाच नको होती, दर दोन तासांनी कुशीवर वळवा एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तर ती झाली नसती. याचा राग माझा अजून गेलेला नाही.

मी किल्लारीच्या पट्ट्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात माळवदं कोसळली, जवळपास दहा हजार माणसं गेली, तो आकडा आमच्याकडं लहान पोरांनाही पाठ आहे. माळवदाखालून जिवंत निघाले पण पाय तुटलेले, कंबर गेलेली, त्यांचं पुढं काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही. लहानपणी मी असे लोक वर्षानुवर्षं बाजेवर बघितले आहेत. तेव्हा वाटायचं, हे असंच असतं. भावाचं बघितल्यापासून वाटतं, त्यातली कितीतरी माणसं बाजेवरून उठू शकली असती.

तुमच्या आप्पांचा आजार वेगळा, पण खांदा, मूठ, ठसका, रडणं, आईची कंबर, हे तुम्ही लिहिलेलं सगळं एकाच डॉक्टरने बघायचं आहे. जाताना सुट्टीचा कागद, एमआरआयची सीडी, चालू गोळ्यांच्या पट्ट्या घ्या. संडासाच्या दाराची रुंदी टेपने मोजून न्या. आणि त्या मालिशवाल्याला आजच बंद करा.

नांदेडची फिजिओ

बाईंनी लिहिलंय त्यात मी माझ्या बाजूचं सांगते. मी बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, केलंय, पक्षाघाताचे पेशंट रोज बघते. केजहून येणारे दादा चालू ठेवा, त्यांच्याशिवाय आप्पांचं होणार नाही. पण मूठ दगडासारखी घट्ट झाली की मी कितीही ताणली तरी संध्याकाळी परत तशीच. तो घट्टपणा औषधाने की इंजेक्शनने कमी करायचा, कुठल्या स्नायूत, किती, हे माझ्या हातात नाही. तो डॉक्टरचा निर्णय. तो झाला की माझे व्यायाम लागू पडतात. आम्ही एकमेकांच्या जागा घेत नाही.

खांद्याचं फार महत्त्वाचं आहे. लकव्यात खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडतात आणि हाताच्या वजनाने हाड खोबणीतून खाली सरकतं. वरून बोट लावून बघा, हाडाखाली खड्डा लागतो का. अशा खांद्याचा हात वर ओढला की आतले स्नायू फाटू शकतात. काही ठिकाणी भिंतीला पुली बांधून दोरीने हात वर-खाली करायला लावतात, तेही या पेशंटला करू नका. बसताना हात मांडीवरच्या उशीवर ठेवा, लोंबू देऊ नका. सदरा घालताना आधी आजारी हात, काढताना आजारी हात शेवटी. उठवताना काखेत हात घालून कधीच नाही, कमरेला धरायचं.

पीएमआरचा विद्यार्थी (मूळ परभणी जिल्हा)

मी एमबीबीएसनंतर सध्या याच शाखेत तीन वर्षांचं एमडी करतोय. गावी गेलो की मलाही विचारतात, म्हणजे तू फिजिओ का? म्हणून मनापासून उत्तर देतो.

आमच्या शाखेला फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन म्हणतात. आजार बरा करणं किंवा थांबवणं हे इतर शाखा बघतात. आजाराने जे काम अडलं, चालणं, गिळणं, लघवी, बोलणं, पँट घालणं, ते परत कसं येईल, आणि नाही आलं तर दुसऱ्या कुठल्या मार्गाने होईल, हे आम्ही बघतो. त्यासाठी निदान करतो, औषधं देतो, इंजेक्शनं देतो, नसांची तपासणी करतो, कृत्रिम पाय किंवा पट्टा कोणता ते लिहून देतो. पक्षाघात, मणक्याची इजा, डोक्याला मार, पाय कापलेला पेशंट, सेरेब्रल पाल्सीचं लेकरू, हे आमचे नेहमीचे. आपल्याकडं विहिरीत पडलेले, ट्रॅक्टर उलटून दबलेले, साखरेच्या आजारात पाय गमावलेले खूप येतात.

ही शाखा दुसऱ्या महायुद्धात वाढली. इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलच्या हॉस्पिटलात डॉ. लुडविग गुटमन यांच्याकडं १९४४ पासून मणका मोडलेले सैनिक यायचे. तोवर असे लोक पाठीच्या जखमांनी आणि लघवीच्या जंतूंनी लवकरच मरायचे, डॉक्टरही हात टेकून बसलेले असायचे. गुटमननी रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवायची शिस्त लावली आणि मग त्या माणसांना कामाला, खेळाला लावलं. १९४८ साली तिथं १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली, तिचंच पुढं पॅरालिम्पिक झालं. आपल्याकडं वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस होत्या. १९५४ च्या अपघातात त्यांचेच पाय लुळे पडले. त्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया करायच्या, मग न्यूयॉर्कला याच शाखेचे डॉ. हॉवर्ड रस्क यांच्याकडं हे शास्त्र शिकल्या आणि परत येऊन वेल्लोरला विभाग उभा केला. औशाच्या बाईंनी जे वाक्य लिहिलंय, दोन तासांनी वळवा, त्यामागं एवढा इतिहास आहे. ते वाक्य ऐंशी वर्षांनीही लातूर जिल्ह्यातल्या एका घरापर्यंत पोचू नये याचं मला फार वाईट वाटतं.

आता आप्पांबद्दल. न बघता औषध सांगणार नाही, पण डॉक्टर काय काय बघतील ते सांगतो.

ठसका सगळ्यात आधी. पाणी, चहा श्वासनलिकेत जात असेल तर न्यूमोनिया होतो. तपासणी होईपर्यंत पूर्ण ताठ बसवून, हनुवटी थोडी छातीकडं झुकवून, लहान घोट. आडवं असताना काहीही पाजू नका. पातळ पदार्थ जास्त धोक्याचे असतात, घट्ट वरणात कालवलेला मऊ भात सोपा जातो. ताप आला, छातीत घरघर वाटली तर वाट बघू नका.

खांद्याचं कारण ठरवावं लागतं. तो उतरलाय, आखडलाय, की हाताचा पंजा सुजून लाल-गरम होतोय? तिन्हींचा उपचार वेगळा. बोटांच्या आवळण्याला गोळ्या आहेत, पण त्याने सुस्ती येते, म्हणून ठरावीक स्नायूंपुरतं असेल तर बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन विचारात घेतात. त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने राहतो. ते महाग आहे आणि नुसतं इंजेक्शन देऊन काही होत नाही. त्या काळात स्प्लिंट (बोटं सरळ धरून ठेवणारा आधार) आणि रोजचा व्यायाम झाला तरच उपयोग. कुणी ‘एक इंजेक्शन, हात मोकळा’ म्हणालं तर विश्वास ठेवू नका. लोंबणाऱ्या पंजासाठी एएफओ नावाचा पट्टा बुटात बसतो, चालण्यात बराच फरक पडतो. बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्ट. तोवर हो-नाहीत उत्तर येईल असे प्रश्न विचारा, वाक्य त्यांच्या आधी पुरं करू नका.

रडण्याकडं दुर्लक्ष करू नका. पक्षाघातानंतर साधारण तीनांत एकाला नैराश्य येतं. काहींना मनात तेवढं दुःख नसतानाही मेंदूच्या इजेमुळे रडू आवरत नाही. दोन्हींवर औषध आहे. नैराश्यातला माणूस व्यायाम करत नाही, आणि मग घरचे म्हणतात, आप्पा हट्टी झालेत.

बर्दापूरच्या दादांना नम्रपणे सांगतो, पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरं, सहा महिन्यांपर्यंत बरीच चालते. पण तिथं दार बंद होत नाही. नंतरही हळूहळू काम शिकता येतं. मात्र या महिन्यांत सांधा आखडला तर मेंदू सुधारूनही हात वापरता येत नाही. म्हणून लवकर जा.

मराठवाड्यात आमचे लोक मोजकेच आहेत हे खरं. जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात फोन करून पीएमआरची ओपीडी आहे का, कोणत्या वारी, हे विचारा आणि मगच गाडी करा. दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी अशा आजारात साधारण सहा महिन्यांनी होते. त्यासाठी ऑनलाइन अर्ज करून यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आलं तर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते, संजय गांधी निराधार योजनेसाठीही अर्ज करता येतो.

बर्दापूरवाला

सर, मला हे माहीत नव्हतं. सासऱ्यांची मूठ अजून उघडत नाही, आम्ही तसंच सोडून दिलं होतं. दीड वर्ष झालं. आता दाखवून काही होईल का?

पीएमआरचा विद्यार्थी

दाखवा. पूर्ण मोकळी होईल असं सांगत नाही. पण तळहातात नखं रुतत असतील, हात धुता येत नसेल, वास येत असेल, तर एवढ्यासाठीही उपचार करतात. बोटं उघडून तळहात रोज धुता आला तरी ते मोठं काम आहे.

केजकर

सगळ्यांचे आभार. नर्सबाईंनी सांगितलेल्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. मालिश त्याच दिवशी बंद केली होती.

बाईंनी लिहिल्याप्रमाणेच झालं. डॉक्टरांनी आप्पांना चमच्याने पाणी पाजून गळ्याला हात लावून बघितलं. खांदा उतरलेला निघाला, चालताना झोळी आणि बसताना उशी. पायाच्या पट्ट्याचं माप घेतलं. मुठीसाठी स्प्लिंट आणि रात्री घ्यायची एक गोळी, इंजेक्शनचं पुढच्या वेळी बघू म्हणाले. रडण्यावर पण गोळी दिली, ती लागू पडायला काही आठवडे लागतील असं सांगितलं. आमच्या फिजिओ दादांशी त्यांनी फोनवर बोलून काय करायचं, काय नाही ते ठरवलं, दादांनाही बरं वाटलं. आप्पांना विचारलं, काय करायचंय तुम्हाला? बराच वेळ शब्द येईना. मी मधी बोलणार होतो, डॉक्टरांनी हाताने थांबवलं. मग आप्पा म्हणाले, “वावर.” वावरात जायचंय. डॉक्टरांनी कागदावर पहिल्या ओळीत तेच लिहिलं आणि विचारलं, घरापासून वावर किती लांब, रस्ता कसा, बांधावर बसायला काय आहे.

खर्च झाला, पण भीती होती तेवढा नाही.

एक विचारायचं राहिलं. आईला आप्पांना बाजेवरून उठवणं जड जातंय. तिची कंबर कशी वाचवायची?

औशाची बाई

‘वावर’ वाचून फार बरं वाटलं दादा.

बाज काढा. ती मधी खचते, त्यातून धडधाकट माणसाला उठायला जड जातं. लाकडी पलंग घ्या आणि पायाखाली विटा लावून एवढा उंच करा की कडेला बसल्यावर आप्पांचे पाय जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघा कुल्ल्याच्या किंचित खाली राहील. विटा हलत नाहीत ना, ते बघा. हात असलेली जड खुर्ची त्यांच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला लावा. आधी पलंगाच्या कडेला सरकवायचं, पाय मागं घ्यायचे, छाती पुढं झुकवायची, मग एक-दोन-तीन म्हणून उठवायचं. पुढं झुकलं की बरंच वजन आपोआप पायावर येतं. आईने स्वतःचे गुडघे वाकवायचे, कंबर नाही, आणि आप्पांच्या कमरेला जाड सुती पट्टा बांधून तो धरायचा. पहिल्यांदा तुमच्या फिजिओ दादांसमोर करून बघा, ते आईचे हात कुठं ठेवायचे ते दाखवतील. रात्री एकटीने उठवू देऊ नका, पलंगाशेजारी लघवीचं भांडं ठेवा.

वावराच्या रस्त्यासाठी भावाने खुर्चीची पुढची चाकं मोठी बदलून घेतली आहेत, काळ्या मातीत लहान चाकं रुततात. आप्पा किती चालतील ते पट्टा आल्यावर कळेल, पण लांबच्या अंतराला खुर्ची लागली तर तेव्हा मला विचारा. आणि आप्पांना भावाशी बोलायचं असेल तर कळवा, तो दुपारचे अर्ज संपले की मोकळा असतो.